आत्याचा पेला

आमच्या घरात पेला हा शब्द फार राबतो. पाणी पितो तो पेला, आजोबांची कवळी बुडते तोही पेला. आणि आत्याच्या साबणाच्या कारखान्यात, म्हणजे तिच्या मागच्या खोलीत, मापही पेल्याचंच.

मनगट मुरगळल्यामुळे आत्याने पहिल्यांदाच अख्खा घाणा माझ्यावर सोपवला. "साठ वड्या हॉटेलला जायच्यात. बिघडला तर ते दुसरीकडे बघतील, आणि मी तुझ्याकडे बघेन."

चिठ्ठीत लिहिलं होतं: तेल दहा पेले, कॉस्टिक सोडा एक पाकीट. मी रसायनशास्त्राची पदवीधर. आधी पेलाच मोजला, काठोकाठ अडीचशे मिलिलिटर. दहा पेले ओतले, थेंब सांडू दिला नाही. कॉस्टिक पाण्यात विरघळवून घातलं. पाऊण तास ढवळलं तरी मिश्रण पातळ ते पातळच.

आत्या डोकावली. "काय गं, साबण करतेस की सूप?"

"चिठ्ठीबरहुकूम केलंय!"

"पेला कसा भरलास, दाखव."

मी काठापर्यंत भरला. तिने कपाळावर हात मारला. "शहाणे, एवढा भरलेला पेला उचलायचा कसा?"

मग चांगल्या हाताने तिने पेला धरला, अंगठा आत, पहिल्या पेरापर्यंत. "अंगठ्याला तेल लागलं की पेला भरला. तीस वर्षं असंच चाललंय."

"मग चिठ्ठीत का नाही लिहिलंस?"

"पेला धरायचा कसा, हे काय लिहायचं असतं?"

तिच्या अंगठ्यापर्यंतचं तेल मी मोजलं. दोनशे दहा. म्हणजे दहा पेल्यांत चारशे मिलिलिटर जास्त.

"गेला घाणा," आत्या स्टुलावर टेकली. "आता ते तेल काढणार कसं?"

"काढायचं नाही. कॉस्टिक वाढवायचं."

एकवीसशेला एक पाकीट, तर चारशेला पाचव्या हिश्श्याहून किंचित कमी. वजन केलं, पाण्यात विरघळवलं, निवल्यावर ओतलं. दहा मिनिटं ढवळत राहिले; आत्या स्टुलावरून मान लांबवून भांड्यात बघत होती. मग पळीमागे रेघ उमटू लागली, आणि पुसली जाईना; साबण धरला होता.

साचे भरले तरी मिश्रण उरलं. हिशेबाने अकरा वड्या जास्त होणार होत्या.

"अकरा?" आत्याने दोनदा विचारलं. मग चिठ्ठी माझ्यापुढे सरकवली. "कॉस्टिकचं माप खोडून नवं लिही. यापुढे काठोकाठच भरत जा. नाहीतर दर घाण्याला माझा अंगठा मागायला येशील."