कुंदाची मान

कुंदाने सहाव्यांदा तोंड पाण्यात घातलं आणि सहाव्यांदा तिची मान आपोआप वर आली.

"मान! कुंदाताई, मान!" काठावरून सोनिया मॅडम ओरडल्या. "मान वर आली की पाय बुडतात. उन्नतीकडे बघा, कशी सरळ जाते."

उन्नतीकडे बघ, हे कुंदाला घरी रोज ऐकावं लागे. आता पाण्यातही तेच. उन्नती तिची धाकटी जाऊ. बदलापूरच्या या पोहण्याच्या तलावावर बायकांच्या सकाळच्या बॅचला जायची कल्पना मात्र कुंदाची. ती बारवी धरणाकडच्या गावातली. वडिलांनी पाठीला रिकामा डबा बांधून तिला डोहात ढकललं होतं, तेव्हापासून ती पोहत होती. मान पाण्याबाहेर, नजर चहूकडे. गावात सगळे असेच पोहत. उन्नती पहिल्या दिवशी पायरीवर बसून रडली होती आणि कुंदाने मोठ्या मनाने हाताला धरून तिला पाण्यात उतरवलं होतं. त्या दिवशी कुंदाला ती फार आवडली होती.

मग मॅडमनी उन्नतीला नळी दिली. स्नॉर्कल असं तिचं नाव, पण बायका नळीच म्हणत. कपाळाला पट्टा, एक टोक तोंडात, दुसरं पाण्याबाहेर. श्वासासाठी मान वळवायलाच नको. पंधरा दिवसांत उन्नती ताणलेल्या दोरीसारखी जाऊ लागली. मॅडमनी काढलेला व्हिडिओ तिने घरच्या ग्रुपवर टाकला. सासूबाईंनी तीन अंगठे पाठवले. कुंदाचा नवरा भगवंत खाली लिहून मोकळा झाला, 'कुंदा, शीक काहीतरी.' तेव्हापासून कुंदाच्या पोटात दुखत होतं. ती जळत होती, आणि आपण जळतोय हे कळत असल्यामुळे आणखीच जळत होती.

"उन्नती, आता नळी ताईंना दे," मॅडम म्हणाल्या. "तुला गरज नाही. उद्यापासून तू खोल बाजूला."

उन्नतीने नळी धुऊन कुंदाच्या हातात ठेवली.

"सोप्पं आहे हो ताई. फक्त डोकं शांत ठेवायचं."

आता ही मला शिकवणार! कुंदाने पट्टा करकचून आवळला.

तोंड पाण्यात गेलं. मान वर येऊ पाहत होती, तिने ती दाबून धरली. मग नळीतून हवा आली, पुन्हा आली. पंधरा-वीस हात ती तशीच गेली. एवढी वर्षं पोहूनही पाण्याच्या आत काय असतं ते तिने कधी पाहिलं नव्हतं. निळ्या फरशा, कुणाची तरी पडलेली केसांची पिन, आणि शेजारून नळीविना निघालेली उन्नती.

उन्नतीचे हात सुरेख फिरत होते. पण श्वासासाठी तोंड वळलं, की दर वेळी तिचा उजवा पाय खाली येई, अंगठा फरशीला टेके, रेटा देई आणि परत वर जाई. वरून फेसात ते कुणाला दिसत नसणार.

कुंदा उभी राहिली. तिच्या मनात उकळ्या फुटत होत्या. सापडली! आता एक वाक्य बोललं, की सगळी बॅच ऐकेल आणि जेवणापर्यंत घरीही कळेल. मग तिची नजर मधल्या दोरीवर गेली. दोरीपलीकडे नऊ फूट पाणी होतं. तिथे अंगठा कशाला टेकणार? भिंत धरून उन्नती हसत होती, पण दोरीकडे बघत नव्हती.

"काय दिसलं खाली?" मॅडमनी विचारलं.

उन्नतीचं हसू थांबलं. तिने कुंदाकडे पाहिलं.

"फरशा," कुंदा म्हणाली. मग जरा थांबून, "मॅडम, हिला अजून आठवडाभर इथंच ठेवा ना, माझ्या शेजारी. मला एकटीला भीती वाटते."

"तुम्हाला? डोहात पोहणाऱ्या बाईला?"

"तिथं खालचं दिसत नव्हतं."

बायका खळखळून हसल्या. त्यांत उन्नतीही होती, सगळ्यांत उशिरा. तिने भिंत सोडली, टोपी सारखी केली.

"राहते मी, मॅडम," ती म्हणाली. "ताई एवढ्या घाबरतायत, तर थांबते त्यांच्यासाठी."

कुंदाने घाईघाईने नळी दातांत धरली आणि तोंड पाण्यात घातलं. नाहीतर ती बोलून गेली असती.