चार बोटं आणि एक वीत

“चार बोटं!” शिंपिणीने भिंतीवरच्या नकाशावर हात टेकवून जाहीर केलं. “आणि त्या दुसऱ्या नकाशातलं तुझं लाडकं गाव? अख्खी वीत! मला काय डोळे नाहीत?”

लेकीने कपाळाला हात लावला. ती नुकतीच नर्स झाली होती आणि दोन गावांतल्या दवाखान्यांतून तिला बोलावणं आलं होतं. तिचा जीव लहान मुलांच्या दवाखान्यात अडकलेला. पण वडिलांमागे आई एकटी, म्हणून तिने शब्द देऊन ठेवला होता: जे गाव जवळ, तिथेच जाईन. संध्याकाळपर्यंत काय ते कळवायचं होतं.

“आई, एकात सगळा देश कोंबलाय गं, दुसऱ्यात नुसता आपला भाग. दोन्हींचं प्रमाण वेगळं.”

“वीत ती वीतच. आणि एवढं जवळ असतं, तर मोठ्या नकाशात त्याचं नाव का नाही?”

“लहान गाव आहे म्हणून!”

“सोयीचं बोलण्यात तू पहिल्यापासून पटाईत.”

लेक पाय आपटत आत गेली. पोरीची लबाडी पुराव्यानिशी पदरात घालावी, म्हणून शिंपिणीने गळ्यातली टेप काढली आणि आधी आपलं माहेर शोधलं. तो रस्ता तिच्या पायांना पाठ होता. देशाच्या नकाशात घर आणि माहेर अशी चिकटलेली, की मधे सुई शिरू नये. दुसऱ्यात मात्र दोघांमध्ये तिचा तळहात मावला.

ती थबकली. माहेर काही जागचं हललं नव्हतं!

चष्मा लावून ती नकाशांच्या तळाशी वाकली. एका सेंटिमीटरला इथे पन्नास किलोमीटर, तिथे एकच. चार बोटांवर टेप धरली, सात भरले. सात पन्नास साडेतीनशे! वितीच्या रस्त्यावर तिने वळणावळणाने दोरा बसवला, मग टेपवर ताणला. सव्वीस. म्हणजे जेवून निघावं आणि चहाला पोरीपुढे उभं राहावं.

“अगं ए, हरले! हरले मी!”

शेजारीण खिडकीतून डोकावली. “हरल्यावर एवढं नाचणारी बाई पहिल्यांदाच बघतेय.”

“बघ, डोळे भरून बघ! आणि पोरी, तू गं दारात उभी काय राहिलीस? लाव फोन. येते म्हणून सांग त्यांना.”

लेकीने आईला मिठी मारली, ती टेपसकट.

पहिल्याच रविवारी शिंपीण दवाखान्यात हजर. रडणारं पोर कडेवर घेऊन लेक लगबगीने समोरून गेली, मानेनेच ‘बस’ म्हणाली आणि दाराआड झाली. बराच वेळ झाला, तरी ती बाहेर आली नाही.

“तुमचं कोण आहे आत?” बाकावरच्या बाईने विचारलं.

शिंपीण ताठ बसली. “आत्ता पोराला घेऊन गेली ना, ती,” ती म्हणाली, आणि मिटलेल्या दाराकडे बघत राहिली.