उंबराच्या फळीवरचा टाक

शके १८७८, वैशाख शुद्ध पंचमी. मुक्काम बारामती, जिल्हा पुणे. या दिवशी कालव्याच्या कचेरीत नकाशे उतरवणाऱ्या जोतीरामच्या देव्हाऱ्यात त्याच्या दिवंगत पत्नीचा, जयवंताचा, टाक बसायचा होता. हे कार्य फाल्गुनातच व्हायचे होते. ते वैशाखावर का गेले, हे आधी सांगणे भाग आहे.

पहिली पत्नी निवर्तून दुसरी घरात आली, तर पहिलीची प्रतिमा चांदीच्या पत्र्यावर उठवून देवांत ठेवावी आणि दुसरीने तिला रोज स्नान घालावे, अशी त्या घराची रीत होती. कोऱ्हाळ्याची भागूबाई फाल्गुनात नांदायला आली. सोनाराने टाकही वेळेवर दिला. जोतीरामने तो परत केला. नाक म्हणून एक उंचवटा, डोळे म्हणून दोन ठिपके, वर पदर. अगदी असाच टाक, हीच बाई, मागल्या महिन्यात सुप्याच्या एका घरी गेलेली त्याने पाहिली होती. मग ही जयवंता कोणत्या आधारे, असा त्याचा प्रश्न होता.

“जोतीराव, टाकातल्या बाईला तोंड नसतं,” सोनार म्हणाला, “म्हणून तर ती नव्या बायकूला चालती.”

दुकानातली मंडळी हसली. जोतीरामने तेथेही वाद घातला, पण वादाचे खरे कारण त्याने कोणास सांगितले नाही. जयवंताचा आवाज त्याला आठवे, जात्यावरची तिची पाठ आठवे. चेहरा मात्र आठवेनासा झाला होता. तो आता एकाच ठिकाणी उरला होता: इंदापूरच्या उरुसात एका फिरत्या फोटोवाल्याने काढून दिलेल्या काचेवर, निगेटिव्हवर. त्या काचेवरून काढलेला एकुलता फोटो तिच्या आईने, कुशाबाईंनी, लेकीबरोबर सरणावर ठेवला होता. आणि काचेलाही कानापासून गालापर्यंत तडा गेला होता.

कचेरीत नकाशांच्या निळ्या प्रती काढणे हे जोतीरामचे रोजचे काम. दोन क्षार पाण्यात कालवून अंधारात कागदाला लावायचे, वर नकाशा ठेवून ऊन दाखवायचे, मग धुवायचे. उन्हाने पोळले ते निळे होते, झाकले गेले ते पांढरे राहते. हीच रीत चेहऱ्यास का लागू पडू नये? कागद मात्र रोजच्या स्नानात टिकणार नव्हता. म्हणून त्याने क्षार पुण्याहून आणवले, माजघराची दारे लावून घेतली आणि पाण्यात टिकेल अशा वस्तूंवर जयवंताला उतरवू लागला.

चांदीच्या पत्र्यावरून ती पहिल्याच पाण्यात सोलून निघाली. कौलावर तिचा चेहरा ओल्या शाईसारखा फुटला. चुन्याच्या गिलाव्यावर उमटता उमटताच पिवळी पडली. चुना, सोडा, राख या निळ्या रंगाला खातात हे त्याला ठाऊक होते. गिलावा पुरता सुकला आहे, हा त्याचा युक्तिवाद तेवढा चुकला. प्रत्येक प्रयोगागणिक काच उन्हात तापे आणि तिच्यावरचा चित्राचा पापुद्रा कडेने उचलला जाई. आधी एक छाप कागदावर घेऊन ठेवावा, असे भागूबाईने भीत भीत सुचवले. त्याने ते खोडून काढले: काचेला एखादेच ऊन सोसणार असेल, तर ते कागदावर खर्चणे हा अविचार होय.

अखेर उंबराची फळी गुळगुळीत तासून, तिला तांदळाची खळ देऊन, तिच्यावर त्याने काच बांधली. भर दुपारी अंगणात काच तडकन फुटली, पापुद्र्याचा चुरा झाला. पण तोवर चेहरा फळीत उतरला होता. कपाळ, किंचित रुंद नाक, हसू दाबलेले ओठ. जोतीराम फळी धरून उंबऱ्यावर बसला आणि कितीतरी वेळ उठला नाही. सोनाराने फळीला चांदीची कड बसवून दिली. टाक बसवण्यापूर्वी माहेरच्या माणसाने ‘ही आमचीच’ म्हणावे लागते, म्हणून कुशाबाईंना इंदापुरास निरोप गेला.

पंचमीच्या सकाळी जोतीराम त्यांना आणायला मोटारीच्या थांब्यावर गेला. इकडे भागूबाईने देव घासायला काढले. आईला लेक लख्ख दिसावी, म्हणून सवतीच्या टाकाची काळवंडलेली कड तिने ओल्या राखेने सर्वांत अधिक निगुतीने घासली. राखेचे पाणी फळीवर उतरले. साऱ्या गावाशी वाद घालणाऱ्या जोतीरामने राखेची गोष्ट तिला मात्र सांगितली नव्हती.

कुशाबाईंना ओसरीवर बसवून तो आत आला, तेव्हा भागूबाई फळी पदराने टिपत रडत होती. चेहऱ्याच्या जागी पिवळट डाग होता. त्याने लिंबू चिरून फळीवर पिळले, कारण आंबटाने हा निळा कधीकधी परततो. निळा परतलाही, पण कपाळावर, ओठांवर, जिथे पांढरे होते तिथेही. मारल्या अंगाच्या वळासारखा तो सगळीकडे पसरला.

कुशाबाई आत आल्या. त्यांनी फळी उजेडाकडे वळवली.

“ही कोन म्हनायची, जावयबापू?”

जोतीरामने खिशातून टोक केलेली शिसपेन्सिल काढली.

“तुमी आई हाय तिच्या. नाक कसं होतं, डोळं कसं होतं, तेवढं सांगा. मी हातानं काढतो.”

“नाक व्हय,” असे म्हणत त्यांनी स्वतःच्या नाकाकडे बोट नेले. बोट वाटेतच थांबले. त्यांनी फळी पालथी करून जमिनीवर ठेवली.

“मलाबी न्हाय दिसत आता,” त्या म्हणाल्या. “सोनाराचाच टाक बसवा.”