तुटायलाच हवी अशी रिंग

आमच्या आत्याला कुणी 'जपून' म्हटलं की तिचं डोकं फिरतं. मनगटाच्या ऑपरेशननंतर डॉक्टर म्हणाले, व्यायाम करून घेणाऱ्या बाई म्हणाल्या, शेजारीण म्हणाली. आत्याने प्रत्येकाला तोंडावर सांगितलं की जपूनच राहायचं असतं तर मी बँकेत चिकटले असते. तिने उभं आयुष्य पाण्याखालच्या गुहा मोजण्यात घालवलं. शहराला पाणी देणारा झरा डोंगराच्या पोटातून कसा येतो, त्याचा निम्मा नकाशा तिच्या हातचा आहे. मला पाण्यात उतरवलं तेही तिनेच. आता तेच काम मी आणि माझा नवरा करतो. पथकाचा प्रमुख नवरा आहे. घरात त्याला फारसं कुणी विचारत नाही, पण पाण्याच्या काठावर त्याचा शब्द शेवटचा.

झऱ्याच्या आत एक अरुंद बोगदा आहे आणि बोगद्याच्या पलीकडे मोठं दालन. आत्या तिथवर एकदाच पोचली होती, तरुणपणी, मिणमिणता दिवा घेऊन. ना छत दिसलं, ना पलीकडची भिंत. नुसता काळोख बघून ती परत आली आणि तो काळोख तिच्या डोक्यातून कधी गेला नाही. आता झऱ्याच्या तोंडावर कायमची जाळी बसणार होती. त्याआधी आम्हाला एक शेवटची फेरी मिळाली होती.

"मी येणार," आत्या म्हणाली.

"या की," नवरा म्हणाला. "फक्त रिंग तोडून दाखवा."

आत्याने ऑपरेशनचा हात पाठीमागे घेतला.

ही रिंग काय भानगड आहे ते सांगते. अरुंद जागेत जाताना आमच्या हवेच्या बाटल्या पाठीवर नसतात, दोन बगलांखाली दोन असतात. प्रत्येक बाटलीची नळी वेगळी आणि तोंडात धरायचा रेग्युलेटरही वेगळा. एक आखूड नळीचा, तो गळ्यात रबराने अडकवलेला. दुसरा लांब नळीचा, कारण वेळ आली तर तो सोबत्याला द्यायचा असतो. थोडा वेळ याच्यातून श्वास घ्यायचा, थोडा वेळ त्याच्यातून. आखूड तोंडात असतो तेव्हा लांब रेग्युलेटर छातीवरच्या कडीला क्लिपने अडकवतात. क्लिप म्हणजे कुत्र्याच्या साखळीला असतो तसला धातूचा खटका. जाड हातमोजे, बर्फासारखं पाणी आणि घाबरलेला जीव, अशात तो उघडेलच याची खात्री नाही. म्हणून क्लिप थेट नळीला बांधत नाहीत. नळीला रबराची बारीक रिंग घालतात आणि क्लिपची दोरी त्या रिंगला बांधतात. रेग्युलेटर धरून हिसका दिला की रिंग तुटते, क्लिप छातीवरच राहते आणि हवा हातात येते.

रिंग पोहता पोहता तुटता कामा नये आणि हिसक्याला मात्र तुटलीच पाहिजे. त्यातली खरी गोम अशी, की तपासलेली रिंग तुटून जाते. पाण्यात जाते ती तिची बहीण, जिला कुणीच तपासलेलं नाही. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा अंगावर काटा आला होता. अजूनही दर वेळी येतो. एवढी यंत्रं, एवढे काटे, आणि शेवटी भरवसा कशावर, तर एका काळ्या रबराच्या तुकड्यावर.

मग आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर तालीम सुरू झाली. मी नळी घट्ट धरायची आणि आत्याने ओढायचं. नेहमीची रिंग तिला तुटेना. तिची दोन बोटं वळतच नव्हती, त्यामुळे पकड सुटायची आणि रेग्युलेटर माझ्या नाकावर यायचा.

"लागलं?"

"नाही. तू ओढ."

"तुला ओरडायला येतं तेवढं मला ओढायला आलं असतं ना, तर केव्हाच तुटली असती," आत्या म्हणाली आणि खुर्चीत बसली. तिचे डोळे भरले होते. मी चहा ठेवायच्या निमित्ताने पाठ फिरवली, कारण माझेही भरले होते.

शेवटी मी दुकानं पालथी घालून बारीक रिंगांचं एक पाकीट मिळवलं. नवऱ्याने ती बघून नाक मुरडलं. म्हणाला, ही आपोआप सुटेल, रेग्युलेटर मागे लोंबकळेल आणि गाळाने भरेल. मी म्हटलं, मग तूच सांग दुसरं काय करायचं. त्याने पाकीट माझ्याकडे परत सरकवलं. आत्याने तालमीत त्या पाकिटातल्या बऱ्याच रिंगा तोडल्या. बोटांनी ओढायचं तिने सोडून दिलं. नळी कोपराच्या बेचक्यात धरायची आणि सगळा खांदा मागे फेकायचा, अशी युक्ती तिने शोधली.

फेरीच्या दिवशी झऱ्याच्या काठावर नवऱ्याने आधी दोघींना हात गार पाण्यात बुडवून ठेवायला लावले, मग म्हणाला, "जोडीने तोडा." माझी पहिल्याच हिसक्याला तुटली. आत्याची तुटली नाही. नवऱ्याने तोंड उघडलं. मी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने ते परत मिटलं. आत्याने श्वास घेतला, कोपर वळवलं आणि खांदा फेकला. रिंग तट्‌कन तुटली.

"जावईबापू, उतरू?"

"उतरा," तो म्हणाला, पण चेहरा काळजीचाच होता.

आता नव्या रिंगा घालायच्या. पाकिटात एकच उरली होती, ती मी आत्याच्या नळीला घातली. माझ्यासाठी हत्यारांच्या पेटीतून एक घेतली. दिसायला तशीच, जाडीला तशीच. सगळं लक्ष आत्याच्या रिंगेत होतं, त्यामुळे माझ्या रिंगेचा मी दुसऱ्यांदा विचारही केला नाही.

बोगद्यात मी पुढे होते आणि आत्या मागे. एकामागून एकच जाता येतं. खडक पोटाला आणि पाठीला लागत होता, बाटल्या कुरकुरत होत्या. मी अधूनमधून दिवा हलवून विचारायची, आणि मागून तिच्या दिव्याचं गोल वर्तुळ उत्तर द्यायचं, ठीक आहे. मग अचानक खडक संपला.

ते दालन कसं सांगू? पाणी इतकं स्वच्छ होतं की ते आहे असंच वाटेना. आम्ही हवेत तरंगत होतो. दिवा वर केला तर प्रकाश चढत चढत गेला, आणि खूप उंचावर पांढरं छत उजळलं. त्याच्यावरून दगडाचे पडदे खाली उतरले होते, पातळ, कडेला जवळजवळ पारदर्शक. कुणी बघणार नाही, कुणाला दाखवायचं नाही, आणि तरी हजारो वर्षं हे इथे असं उभं होतं. आपण फार लहान आहोत असं वाटलं, आणि त्याचं वाईट वाटलं नाही, उलट बरं वाटलं. शेजारी आत्या मान वर करून निश्चल तरंगत होती. मास्कच्या काचेतून तिचे डोळे दिसत होते. इतक्या वर्षांचा काळोख त्या डोळ्यांसमोर उजळत होता. ती हसत होती की रडत होती ते कळत नव्हतं.

मी पुढचा श्वास घेतला तर तोंडात पाणी आलं.

आखूड रेग्युलेटर आतून निकामी झाला होता. पाणी बाहेर टाकायचं बटण दाबलं, पुन्हा श्वास ओढला, पुन्हा पाणीच. हरकत नाही, मी स्वतःला म्हटलं, आणि छातीवरचा लांब रेग्युलेटर धरून हिसका दिला. रिंग तुटली नाही. दुसरा हिसका. तुटली नाही. खटक्याकडे हात नेला तर हातमोज्याखाली तो सापडेना, सापडला तर दबेना. छाती आवळत चालली. या सुंदर जागी मी मरणार, असं मला अगदी स्पष्ट वाटलं.

तेवढ्यात ओठांवर काहीतरी टेकलं. हवा! आत्याचा लांब रेग्युलेटर माझ्या तोंडात होता, आणि ती समोर माझा खांदा धरून, आपल्या आखूड रेग्युलेटरमधून संथपणे बुडबुडे सोडत होती. ती घाई करत नव्हती. मी श्वास घेतला, पुन्हा घेतला. आणि मग तोच खटका माझ्याच बोटांनी सहज उघडला. स्वतःचा लांब रेग्युलेटर मी तोंडात घेतला आणि तिचा तिला परत दिला. त्याला क्लिप नव्हती. म्हणजे नवरा म्हणत होता तशी रिंग आपोआप सुटलेली दिसते, असं मला वाटलं.

आम्ही परतलो. काठावर मास्क काढताक्षणी मी सगळं सांगून टाकलं. नवऱ्याने माझी नळी धरली आणि हिसका दिला, मग दोन्ही हातांनी दिला. रिंग ताणली गेली, तुटली नाही; दिसायला तशीच, पण रबर भलतंच चिवट होतं. तो मटकन दगडावर बसला.

"बरं झालं आत्यांची सुटली," तो म्हणाला.

"सुटली नाही. मी तोडली," आत्या म्हणाली.

"केव्हा?" मी विचारलं. "मी तर तुला हिसका देताना पाहिलंच नाही."

"बोगद्यात शिरायच्या आधी. तू पुढे झालीस ना, तेव्हा. या हाताचा मला काय भरवसा? ऐन वेळेला दगा दिला तर? म्हणून आधीच तोडली आणि नळी कोपरात धरून आणली. ती नळी असतेच मुळी तुझ्यासाठी."

"सगळी वाट धरून होतीस?"

"मग काय सोडून देऊ?"

"आणि छत बघत होतीस तेव्हा?"

"छत डोळ्यांनी बघतात गं."

ज्या क्षणाची तिने अर्धं आयुष्य वाट पाहिली, त्या क्षणीही ती माझी हवा कुशीत घेऊन तरंगत होती, आणि मला पत्ताही नव्हता. मला रडू आवरेना.

"रडणं नंतर," आत्या म्हणाली. "आधी हा सूट उतरव. मला जमत नाहीये."

मी तिची बाही धरली. तिचं कोपर अजून दुमडलेलंच होतं, छातीशी घट्ट, जणू त्यात अजून काही आहे. गारठून ते तसंच आखडलं होतं. नवरा उठून आला. दोघांनी मिळून तो हात चोळत चोळत हळूहळू सरळ केला.