प्रॉफेट मूंगाच्या बोटांतली वीज

लिव्हिंगस्टन शहरातल्या मरांबा बाजारामागे तंबू लागला होता आणि बायकांची रीघ हटत नव्हती. स्वतःला प्रॉफेट, म्हणजे देवाचा दूत, म्हणवणाऱ्या डॉक्टर मूंगानं दंडाला नुसतं बोट लावलं की माणूस झिणझिण्यांनी थरथरायचा. टोमॅटोवाली बिना चोल्वे तर थरथरता थरथरता हसायलाच लागली.

"तीन दिवसांत ही वीज तुमच्या हातात उतरवतो, वर प्रमाणपत्र," मूंगा सांगत होता. "म्हणे मालिश शिकायला नऊ महिने लागतात! अहो, माणूस चोळायचाय की नव्यानं जन्माला घालायचाय?"

मुटिंटा रांगेत उभी होती. धबधब्याजवळच्या पर्यटकांच्या लॉजवर चादरी धुऊन धुऊन तिच्या हातांची सालं निघाली होती. त्याच लॉजला आता मालिश करणारी बाई हवी होती. एवढी एकच संधी, आणि शिकायचं कुठे ते ठरत नव्हतं. कालच ती नामाकाउ बाईंच्या नऊ महिन्यांच्या वर्गाची चौकशी करून आली होती. बाई पूर्वी इस्पितळात व्यायामोपचार करायच्या. त्या म्हणाल्या, "पहिला महिना मी हात कुठे लावायचा नाही तेच शिकवते. एकच पोटरी सुजून गरम झाली असेल तर ती चोळायची नाही. आत रक्ताची गुठळी असू शकते."

मुटिंटानं इथेही तेच विचारलं. "मालिश कुणाला करू नये, प्रॉफेट?"

"शंकेखोराला," मूंगा म्हणाला. बायका हसल्या.

तिची पाळी आली. खुर्चीसमोर पत्र्याचं घमेलं होतं, त्यात मिठाचं 'पवित्र' पाणी. तिनं पाय बुडवले. मूंगानं दंड धरला आणि खरंच मुंग्यांची फौज हात चढून गेली. पण लॉजवर ओल्या हातानं इस्त्रीला शिवल्यावर याच मुंग्या येतात, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिनं हळूच पाय पाण्याबाहेर काढले. मुंग्या बंद.

"श्रद्धा डळमळली तुझी," मूंगा म्हणाला.

"श्रद्धा आहे तिथेच आहे. पाय तेवढे वर घेतलेत."

बिना चोल्वे पुढे आली. "सरक गं, मला बसू दे." मूंगाचा हात स्वतःच्या दंडावर दाबून धरत तिनं पाय बुडवले, काढले, पुन्हा बुडवले. "आत घातले की देव येतो, बाहेर काढले की जातो," ती म्हणाली. "देव आहे की नळ?"

तोवर मुटिंटानं घमेल्याखालच्या चटईचं टोक उचलून तिथली वायर ओढली होती, तसा मूंगाचा सदरा वर सरकला. घमेल्याला जोडलेली ती वायर मूंगाच्या पँटमधून वर चढून पट्ट्यातल्या साबणाच्या वडीएवढ्या डबीत शिरत होती. दुसरी डबीतून बाहीत गेली होती. बॅटरीचा सौम्य प्रवाह त्याच्या बोटातून माणसात, माणसाच्या पायांतून पाण्यात आणि पाण्यातून परत डबीत, असा फिरत होता. पाय काढले की वाट तुटायची.

 मग मागून एक बाई म्हणाली, "प्रॉफेट, ती डबी कुठे मिळते?"

तंबूभर हशा पिकला. त्या गडबडीत मूंगा मागच्या बाजूनं निसटला. वायर तुटली, घमेलं तिथेच राहिलं.

सोमवारी मुटिंटा नामाकाउ बाईंच्या वर्गात पोटऱ्यांच्या स्नायूंची नावं पाठ करत बसली. तिसरं नाव जिभेवर येईना. शेजारी बिना चोल्वे होती, तिला पहिलंही येईना. दोघींपैकी कुणाच्याच बोटांत वीज उतरली नव्हती.

विद्या अशीच येते, अडखळत आणि घोकत. झटक्यात येतो तो फक्त झटका. तो कुठून येतो हे पाहायला शास्त्रज्ञ लागत नाही. चटई उचलायची तयारी असली की पुरे.