चांगल्या निबंधाचा नमुना

बाईंनी माझा निबंध टाइप करून वर्गात वाटला. वर नाव नव्हतं. वाटण्याआधी मला विचारलं होतं, आणि मीही हो म्हटलं. हुरळली मेंढी, लागली लांडग्याच्या पाठी.

निबंध बाबांवर होता. त्यांची नोकरी गेली होती, हे आईला माहीत नव्हतं. रोज सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालायचे, आईने भरलेला डबा घ्यायचे आणि पोस्टासमोरच्या बाकावर संध्याकाळपर्यंत बसायचे. मी एकदा पाहिलं, कोणालाच बोलले नाही. फक्त निबंधात लिहिलं. पोस्टाचं नाव तेवढं गाळलं. स्वतःला फार शहाणी समजत होते!

"कोणी लिहिलाय ते विचारायचं नाही," बाई म्हणाल्या. "काय आवडलं ते सांगा."

"डबा, बाई," पुढच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली. "झाकण सैल म्हणून सायकलच्या ट्यूबची पट्टी लावलीय ना, ते."

"शाब्बास! अशा बारकाव्यांनीच माणूस डोळ्यांसमोर उभा राहतो."

राहिलाच उभा. मागच्या बाकावरची भोचक ओरडली, "बाई, ही पट्टी मी पाहिलीय! पोस्टासमोर बसतात ते काका. हिचे बाबा!"

सगळा वर्ग माझ्याकडे वळला. बाईंनी टेबलावर डस्टर आपटलं. बैल गेला नि झोपा केला. मग घाईघाईने म्हणाल्या, "शेवट मात्र थोडा गुंडाळलाय. पुन्हा लिहून आण हं."

मला त्यांचा इतका राग आला की कागद फाडावासा वाटला.

भोचकने घरी सांगितलं, तिच्या आईने माझ्या आईला. दुसऱ्या दिवशी सकाळी आईने सवयीने डबा भरला, पट्टी लावली आणि बाबांपुढे ठेवला.

"बाकावर कशाला? इथेच खा."

इस्त्रीच्या शर्टात बाबा स्वयंपाकघरात बसून डबा खात राहिले. आई पाठमोरी भांडी घासत होती. बाबांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

तेवढंच लिहून मी बाईंना नेऊन दिलं.

त्यांनी वाचलं, मान डोलावली. "आता कसा छान झालाय शेवट! दुसऱ्या तुकडीलाही दाखवू या."