अननसाच्या सदऱ्याची हरकत

मी बोलतोय. इथून, पेटीतून. माझ्यातून आरपार दिसतं म्हणून मी नाहीच असं समजू नका. आजवर सगळ्यांनी तेच केलं.

मी बारोंग. पॅन्टच्या बाहेर सोडायचा, लांब बाह्यांचा, झिरझिरीत सदरा. आमच्या बेटांच्या देशात लग्न असो, शपथविधी असो की मयत, माझ्याशिवाय पुरुषाचं पान हलत नाही. पण बारोंगाबारोंगात फरक असतो, आणि माझी सगळी रड त्या फरकाचीच आहे. मी अननसाचा. म्हणजे फळाचा नव्हे, पानांचा.

कालिबो गावात सिदिंगबाईंनी मला विणलं. अननसाचं पान फुटक्या बशीच्या कडेने खरवडलं की आतून केसासारखा धागा निघतो. तो एकेक गाठ मारून जोडायचा. वाऱ्याची झुळूक आली तरी तुटतो, म्हणून ऐन उन्हाळ्यात खिडक्या लावून त्या मागावर बसायच्या. पंखा लावला तर धागा तुटणार, नाही लावला तर बाई वितळणार. वैतागून मला शिव्या द्यायच्या. शिव्यांसकट विणला गेलोय मी, म्हणूनच माझा स्वभाव असा असेल.

मला विणलं ते त्यांच्या धाकट्या भावासाठी. नाव तेलेस्फोरो, पण अख्खा गाव त्याला पोरोय म्हणायचा. आईबाप लवकर गेले, सिदिंगने मागावर बसून त्याला वकील केलं. तो खासदार म्हणून निवडून आला तेव्हा मला त्याच्या अंगात चढवताना ती म्हणाली, "पोरोय, माझं एकच काम कर. बाजारात मशीनचं पॉलिएस्टर अननसाचं म्हणून विकतात, आणि गिऱ्हाईक मला म्हणतं, बाई, तू लुटतेस. खोट्याला खोटं म्हणायचा कायदा कर. नाहीतर एक दिवस हा माग मी चुलीत घालीन."

"मानांग, पहिलं विधेयक तुझंच," तो म्हणाला. मानांग म्हणजे थोरली बहीण. त्याचं काळीज माझ्या आतच धडधडत होतं. ती थाप नव्हती.

पहिली वर्षं मोठी झकास गेली. आमच्या सभागृहात एक रीत आहे. सभापती विचारतात, "हरकत आहे का कुणाची?" आणि त्याच दमात म्हणतात, "कुणाची ऐकू येत नाही. मंजूर!" की पडला हातोडा. त्या दोन वाक्यांच्या मध्ये माशी शिरायला जागा नसते. पोरोय तिथे शिरायचा. "हरकत आहे!" असा गरजायचा की माझ्या काखेतले टाके उसवायचे. पेपरवाल्यांनी त्याचं नावच हरकतवाला ठेवलं. सिदिंग मला कलमांसी लिंबाच्या रसाने धुवायची, काख शिवून परत पाठवायची आणि म्हणायची, "उसवू दे. ओरडतोय ना, मग उसवू दे."

विधेयक मात्र हलेना. समितीच्या अध्यक्षाचा व्याही परदेशातून मशीनचंच कापड आणायचा. सभागृहाची मुदत संपली की पडून असलेली विधेयकं मेलीच. पुन्हा निवडणूक, पुन्हा नवा क्रमांक, पुन्हा तोच व्याही.

मग कुणीतरी पोरोयला शहाणपण शिकवलं. "वकीलसाहेब, ओरडून कायदे होत नाहीत. माणसं जोडा." आणि माणसं जोडायची आमच्याकडची हुकमी वाट म्हणजे निनोंग होणं, लग्नात वधूवरांच्या बाजूला धर्मपिता म्हणून उभं राहणं. ज्याच्या पोरीचे तुम्ही निनोंग, तो तुमचा कुम्पारे. तो तुम्हाला नाही म्हणत नाही. घोळ असा, की तुम्हालाही त्याला नाही म्हणता येत नाही.

झालं. दर शनिवारी चर्च. माझ्या बाहीवर मेणबत्तीचं मेण आणि भाजलेल्या डुकराची चरबी. मी आता लाँड्रीत जाऊ लागलो. कुम्पारे वाढले तसा पोरोय चढत गेला. आधी उपनेता, मग बहुमताचा नेता, आणि शेवटी सभापती! हातोडाच हातात आला. सिदिंगने टीव्हीवर पाहिलं आणि गल्लीभर कोंबडी-भात वाटला. आता तरी होईल, ती म्हणाली. मलाही तसंच वाटलं, मूर्खासारखं.

अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी लाल गालिच्यावर सगळे नटून येतात. एक सन्माननीय सदस्य छाती पुढे काढून म्हणाले, "शंभर टक्के अननस!" माझी बाही त्यांच्या बाहीला घासली. कर्र! पॉलिएस्टर! आणि आमचे साहेब काय म्हणाले? "वा, पारे! शोभतोय तुला." पारे म्हणजे कुम्पारेच, लाडाने. अरे, मागाखाली रांगत मोठा झालेला माणूस तू! तुला कळलं नाही? कळलं होतं. पण त्या सदस्याचं मत हवं होतं.

तरीही विधेयक कसंबसं समितीतून सुटलं. जून उजाडला, मुदतीचा शेवटचा दिवस. फक्त अखेरचं मतदान उरलं होतं. सिदिंग विणकर मैत्रिणींना घेऊन कालिबोहून आली आणि वर प्रेक्षकांच्या सज्जात बसली. मी खालून तिला पाहत होतो.

नेमकं त्याच दिवशी एका गव्हर्नरच्या मुलीचं लग्न. बुधवारी कुणी लग्न करतं का? पण बिशपसाहेब बुधवारीच मोकळे होते. अर्धं सभागृह त्या लग्नात निनोंग. एकेक बारोंग बाक सोडून दाराकडे सटकू लागला. बहुमताचा नेता वर येऊन कुजबुजला, "पारे, पाचला चर्च आहे. रस्त्यावरची गर्दी बघितलीस? आटपू या."

"ते एक विधेयक राहिलंय."

"कुठलं? ते कापडाचं? पुढच्या वेळी घेऊ की! नवरीला ताटकळत ठेवणार का? तू मोठा निनोंग!"

पोरोयने वर पाहिलं. त्याचं काळीज मला आतून बुक्के मारू लागलं. थांब म्हण त्यांना, मी म्हणत होतो, दारं लावून घे, जाणाऱ्यांना परत बोलाव, सभापती आहेस तू! त्याने हातोडा उचलला.

"कामकाज संपवण्याचा प्रस्ताव आहे. हरकत आहे का कुणाची?"

"आहे!" सज्जातून आवाज आला. "मला हरकत आहे, पोरोय!"

सगळ्यांच्या माना वर गेल्या. रखवालदाराने सिदिंगचा दंड धरला.

"कुणाची ऐकू येत नाही," पोरोय म्हणाला. हातोडा पडला. माझी पाठ घामाने भिजून त्याच्या पाठीला चिकटली होती. मला तिथून निघायचं होतं आणि निघता येत नव्हतं.

संध्याकाळी लग्न उरकून तो घरी आला तेव्हा ती दिवाणखान्यात बसली होती.

"काढ," ती म्हणाली.

"काय?"

"सदरा."

"मानांग, पुढच्या वेळी नक्की..."

"तुझ्या पारेकडून मशीनचा घे. शोभेल तुला."

देशाचा सभापती बनियनवर उभा राहिला. तिने मला घडी करून पिशवीत घातलं आणि पहिल्या बोटीने गावी आणलं.

माग तिने चुलीत घातला नाही, विकला. एका हॉटेलाने तो शोभेला नेलाय. ऐकतो की त्याच्यावर कापड पसरून ठेवलंय, आणि तेही मशीनचं!

जुलैत नवं सभागृह भरलं. त्याच कुम्पाऱ्यांनी दुसऱ्याला सभापती केलं. टीव्ही माझ्या पेटीसमोरच आहे. नव्या माणसाने विचारलं, "हरकत आहे का कुणाची?" आणि मागच्या बाकावरून ओळखीचा आवाज आला, "हरकत आहे!" जुना आवाज, टाके उसवणारा. "कुणाची ऐकू येत नाही," नवा माणूस म्हणाला.

सिदिंगने टीव्ही बंद केला. पेटी उघडून तिने माझी काख चाचपली. टाके शाबूत होते. किती वर्षं शाबूतच होते! तिने पेटी पुन्हा लावली.

आता मी इथेच असतो, अंधारात. या घरात आता मला विणणारं कुणी नाही, आणि बाजारात माझ्या नावाने भलतंच काही विकलं जातंय. तुम्ही तरी विचारून झाल्यावर घटकाभर थांबा. माझी हरकत आहे. येतेय का ऐकू?